मिस प्रेंटिसचं दीड मिनिट

मिस प्रेंटिसला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात फरशीवर उताणी पडून हवेत लाथा झाडत होती. पन्नाशीची गोरी बाई, अंगात पुरुषी पांढरा शर्ट, खाकी पॅन्ट, एका हातात छोटा आरसा. खाटांवरच्या बायका तोंडावर शेले ओढून हसत होत्या. मला वाटलं, बाईला फेफरं आलं. मी धावत जाऊन तिच्या डोक्याखाली हात घालायला वाकले, तर ती इंग्रजीत खेकसली, "सिस्टर, मध्ये येऊ नकोस. मला ते बाळ दिसत नाहीये."

समोरच्या खाटेवर दोन दिवसांचं एक पोर पाय झाडत होतं आणि बाई त्याची नक्कल करत होती. उजवा पाय, मग डावा, मग दोन्ही आखडून पोटाशी. समाधान होईपर्यंत ती उठली नाही. मग उठली, पॅन्ट झटकली, गळ्यातलं स्टॉपवॉच बंद केलं आणि वहीत आकडे लिहिले. चित्र एकही नाही.

"ही चित्रं काढणारी बाई ना?" मी मेट्रनला विचारलं. "मग ही आकडेमोड कसली करतेय?"

"तूच विचार तिला," मेट्रन म्हणाली. "उद्यापासून तू तिची दुभाषी."

साठचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. एमिरेट्स हे नावही अजून नव्हतं. दुबई म्हणजे खाडी, खाडीच्या दोन्ही काठांवरची वस्ती, लाकडी गलबतं आणि त्यापलीकडे रेती. मी दापोली तालुक्यातली. मिरजेला नर्सिंग शिकले, निकाह झाला, आणि हे इथे एका लाँच कंपनीत कारकून होते म्हणून त्यांच्या मागोमाग आले. अरबी शिकले ती बाळंतिणींकडून. त्यामुळे माझी अरबी पुरती बायकी, बाजारात तोंड उघडलं की दुकानदार हसायचे. पण मिस प्रेंटिसला नेमकी तीच हवी होती.

ती आली होती एका सरकारी कचेरीच्या कामावर. किनाऱ्यावरच्या गावांत बाळं जन्मल्यावर सहासात दिवसांत धनुर्वातानं जात. नाळ कापायची सुरी मळकी, वर राख नाहीतर मीठ चोळलेलं. पाचव्यासहाव्या दिवशी पोर दूध ओढायचं थांबे, जबडा मिटे, आणि मग शरीर धनुष्यासारखं वाकायला लागे. लोक त्याला सातव्या दिवसाचं दुखणं म्हणत आणि जिन्नावर ढकलत. डॉक्टरांचं बायका ऐकत नव्हत्या. चालती चित्रं दाखवली तर बघतील, असं कचेरीतल्या कुणाला तरी सुचलं आणि त्यांनी लंडनहून मिस प्रेंटिसला आणवलं. कार्टून म्हणा ना, पण हसवायचं नाही असं.

तिला काम करताना बघणं हा एक ताणच होता. ती पाचसहा कागद डाव्या हाताच्या बोटांत धरून फडफड उलटायची आणि त्यांवर काढलेला हात पाणी ओतायचा, मूठ मिटायचा. मी सहज "छान" म्हटलं की कागद फाटले म्हणून समजा. "छान दिसतंय का ते मी विचारलं नाही. खरं दिसतंय का ते सांग," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पुढे माझ्या मुलांचे निबंध वाचतानाही तेच तोंडात यायला लागलं. चहा ती नेहमी गार झाल्यावर प्यायची आणि गार झाला म्हणून चिडायची. कुणाची माफी मागितलेली मी तिला पाहिली नाही. पाण्याची भांडी घेऊन जाणाऱ्या बायकांच्या मागे ती रस्त्यावर तशीच डुलत चालायची, लोक थांबून बघायचे, तिला त्याचं काही नसे.

सोळाव्या वर्षी ती लंडनच्या एका स्टुडिओत लागली, तेव्हा मुलींना फक्त पुरुषांनी काढलेल्या चित्रांत रंग भरायला ठेवत. ही जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या कागदांवर स्वतःची चित्रं हलवून बघायची. मग युद्ध आलं, पुरुष गेले आणि टेबलं रिकामी झाली. युद्धानंतर एका मैत्रिणीबरोबर तिनं सायकलीच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन स्वतःचा स्टुडिओ काढला. मैत्रीण लग्न करून गेली, ही राहिली.

"तिथे काय काढायचात?" मी विचारलं होतं.

"दात," ती म्हणाली. "टूथपेस्टच्या जाहिराती. बारा वर्षं मी दात नाचवले, सिस्टर. टोपी घातलेले, छत्री घेतलेले दात. आता ही फिल्म झाली नाही तर उरलेली वर्षं पुन्हा दातच."

एकदा मी विचारलं, प्रोड्यूसर म्हणजे नेमकं काय. ती म्हणाली, "सगळे घरी गेले तरी जिला जाता येत नाही ती."

ती आल्यावर तिसऱ्या आठवड्यात डोंगरापलीकडून लॉरीतून एक बाळ आलं. सातवा दिवस. मी खोलीत अंधार केला, कारण उजेडानं, आवाजानं, नुसत्या स्पर्शानंही त्याला झटका यायचा. कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या, ओठ ताणलेले, बघणाऱ्याला हसल्यासारखे वाटावेत असे. आई पायाशी बसली होती. डॉक्टरांच्या हातात करण्यासारखं फारसं नव्हतं.

कोपऱ्यातून टिक् असा आवाज आला. मी वळून बघितलं. मिस प्रेंटिस भिंतीला टेकून उभी होती, हातात स्टॉपवॉच. झटका सुरू झाला की टिक्, संपला की टिक्. ती पोराच्या मरणाची वेळ मोजत होती.

मी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढली. आयुष्यात कुणा गोऱ्या माणसाला मी हात लावला तो तेवढाच. "तुम्हाला काही लाज?" मी मराठीतच ओरडले. तिला शब्द कळले नाहीत, बाकी सगळं कळलं.

"अर्ध्या सेकंदानं चुकलं," ती म्हणाली, "तर त्या बायकांना वाटेल बाळ थंडीनं कुडकुडतंय. किंवा हसतंय. मग मी इथे येऊन उपयोग काय?"

दुपारी बाळ गेलं. त्याला गुंडाळून आईच्या हाती दिलं आणि मी हात धुवायला मागच्या नळावर गेले, तर मिस तिथे उकिडवी बसली होती. ओकली होती. नळ सोडून नुसती पाण्याकडे बघत होती. मी शेजारी बसले. त्यानंतर मी तिच्यासाठी दुभाषीपण मनापासून करायला लागले.

आता इथेच, अल मजाज भागातल्या लेकाच्या फ्लॅटमध्ये बसून मी नातीला हे सांगते, तेव्हा ती विचारते, "बट दादी, वॉज शी अ गुड पर्सन ऑर नॉट?" मी म्हणते, ऐक तर आधी.

डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला आम्ही पहिल्यांदा गेलो ते त्याच थंडीत. आज दीड तासात पोचतात. तेव्हा पक्का रस्ता नव्हता, डोंगरातली कोरडी नदीपात्रं हीच वाट. तिला वादी म्हणतात. कचेरीची लँड रोव्हर होती आणि चालवायला इब्राहिमभाई, ह्यांचे चुलतभाऊ. ते होते म्हणूनच ह्यांनी मला जाऊ दिलं. दगडांवरून आपटत जाताना मिसनं मला युद्धातल्या एका फिल्मची गोष्ट सांगितली. छपरावर पडलेला आगीचा बॉम्ब कसा विझवायचा ते लोकांना दाखवायचं होतं. तिनं माणूस बॉम्बकडे चालत जाताना काढला. सरपटत जायला हवा होता. तीन आठवडे फिल्म गावोगाव दाखवल्यावर कुणाच्या तरी ते लक्षात आलं.

"मग? कुणाला काही झालं?"

"तेच मला कधी कळलं नाही," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

त्या प्रवासात मीही एक गोष्ट बोलून गेले. खोर फक्कानची सुईण उम्म राशिद, चाळीस वर्षं त्या किनाऱ्यावरची सगळी बाळंतपणं तिच्याच हातची. मी मिसला म्हटलं, "आमच्याकडे येणारी ती बाळं... मला वाटतं त्यातली बरीचशी तिच्याच सुरीची आहेत. पण हे तुमच्यामाझ्यात." मिसनं मान हलवली.

उम्म राशिदनं आम्हाला कॉफी दिली, खजूर दिले. उंच, काटक म्हातारी, चेहऱ्यावर बुरख्याची पट्टी, डोळे तेवढे दिसायचे. तिच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती, लहानपणी मासळी कापताना तुटलेली. मिसनं विचारलं, मी तुझे हात काढू का? म्हातारी हसली आणि आख्खी दुपार हात पुढे करून बसली. कमरेची सुरी काढून कशी धरते तेही दाखवलं. निघताना मला म्हणाली, "बिन्ती, माझ्या हातांचं एवढं कौतुक माझ्या नवऱ्यानंही केलं नव्हतं." बिन्ती म्हणजे पोरी.

मिस लंडनला गेली आणि पुढच्या थंडीत आठ मिनिटांची फिल्म घेऊन परत आली. पहिला खेळ खोर फक्कानलाच करायचा, असं तिनंच ठरवलं. मी फिल्म आधी पाहिली नव्हती. तिनं दाखवली नाही. मला आज वाटतं, मुद्दामच दाखवली नाही.

उम्म राशिदच्या अंगणात मगरिबच्या नमाजानंतर, काळोख पडल्यावर, दोन खजुरांच्या मध्ये चादर बांधली. भिंतीबाहेर इब्राहिमभाई जनरेटरपाशी, आत फक्त बायका, साठसत्तर तरी असतील. सगळ्यांत पुढे उम्म राशिद आणि तिच्या शेजारी तिची नात मौझा, दिवस भरत आलेली. मशीन मिस स्वतः चालवत होती.

फिल्ममध्ये बोलणं नव्हतं, नुसतं संगीत, आणि माणसांऐवजी हात. आईचे हात, शेजारणींचे हात. बायका खूश झाल्या. "ही बघ मेंदी!" "ही बघ बांगडी!" मग सुईणीचे हात आले. मासळी कापलेली सुरी त्यांनी कपड्याला पुसली, नाळ कापली, वर राख दाबली. आणि चादरीवर उजव्या हाताची करंगळी अर्धी होती.

अंगणातला आवाज हळूहळू बंद झाला. पडद्यावर सहावा दिवस आला, बाळाचा जबडा मिटला आणि ते वाकायला लागलं. ते हुबेहूब होतं. अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता. मागे एक बाई हुंदका देऊन उठली, मग दुसरी. त्यांनी ते घरी पाहिलेलं होतं.

उम्म राशिद उठून चादरीसमोर उभी राहिली. चित्रं तिच्या काळ्या पायघोळ अबायावर हलत राहिली. तिनं उजवा हात वर केला आणि मला विचारलं, मिसला नाही, मला. "बिन्ती, हा माझा हात आहे का?"

मागून मिस म्हणाली, "काय विचारते ती?" मी सांगितलं.

"तिला सांग, हो."

"मिस, नको. आपण म्हणू की..."

"सिस्टर, हो म्हण."

मी "हो" म्हटलं. म्हातारीनं हात खाली घेतला. "आणि हिला हे कुणी सांगितलं?"

मी तेही भाषांतर केलं. मिसनं माझ्याकडे बघितलंही नाही. "सांग, कुणी नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

तिनं काहीच पाहिलं नव्हतं. एक रेघ खोटी चालत नसे अशा त्या बाईनं माझ्यासाठी सरळ खोटं सांगितलं, आणि मी ते तसंच्या तसं अरबीत केलं. खरं काय ते मी उम्म राशिदला पुढेही कधी सांगितलं नाही. ते माझ्याकडेच राहिलं आहे.

उम्म राशिद घरात गेली. तिच्यामागे मौझा, आणि मग एकेक करून सगळ्या बायका अंगणातून निघून गेल्या. रिकाम्या अंगणात फिल्म शेवटपर्यंत चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस जाऊन त्या घराच्या उंबऱ्याबाहेर बसली. आतून कुणी हाक मारेना, पाणी विचारेना. ऊन चढलं. इब्राहिमभाई दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा घाईत होते. "भाभी, डोंगरावर काळं झालंय. यल्ला, आत्ता निघालो तर निघालो. वादीत पाणी उतरलं की खलास, आठ दिवस अडकलो." मग मिसला म्हणाले, "मेमसाब, चलो. पानी आएगा."

"नो," मिस म्हणाली आणि जागची हलली नाही.

दुपार कलल्यावर दार उघडलं. उम्म राशिदनं आम्हाला आत बसवलं, पण कॉफी ठेवली नाही. मग ती मिसकडे वळली.

"मूल असं वाकतं, हे तुला कुणी दाखवलं?"

मी भाषांतर केलं. मिस म्हणाली, "एक बाळ माझ्यासमोर गेलं."

"माझ्यासमोर किती गेली, सांग हिला." म्हातारी मला म्हणाली, पण डोळे मिसवर होते. "माझ्या मुलीची दोन. माझ्या सुनेचं एक. मी दुवा मागितल्या, धूप घातला, रात्ररात्र मांडीवर घेऊन बसले. आता ही सांगते, माझी सुरी. हे खरं असेल तर माझी नातवंडं मी मारली. आणि खोटं असेल तर हिनं माझ्याच अंगणात माझी अब्रू काढली. यातलं मी काय खरं मानू असं हिला वाटतं?"

मला वाटलं, आता तरी मिस काहीतरी मऊ बोलेल. ती म्हणाली, "पहिलं. पण तुला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलंय."

हे सांगताना मी मान खाली घातली. मौझा दारापाशी बसून ऐकत होती, पोटावर हात ठेवून.

"ठीक," उम्म राशिद म्हणाली. "हिचे दिवस भरलेत. तुमच्या त्या चादरीवर दाखवलं तसं करते. सुरी उकळीन, राख लावणार नाही. तुम्ही दोघी इथेच राहायचं. दहाव्या दिवशी मूल जिवंत असेल तर चादरीवरचा माझा हात बदलायचा, सुरी उकळताना दाखवायचा. नसेल तर चादर उचलायची आणि या किनाऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही."

मिसनं लगेच हात पुढे केला. मी तिला इंग्रजीत म्हटलं, "मिस, मूल दुसऱ्या कशानंही जाऊ शकतं. ताप, जुलाब, काहीही. असा शब्द देऊ नका." ती म्हणाली, "मला माहीत आहे," आणि तिनं हात मागे घेतला नाही.

संध्याकाळी वादीला पूर आला. ह्यांना निरोप पोचेपर्यंत आठवडा गेला.

चौथ्या दिवशी मौझाला मुलगी झाली. सुरी भांड्यात उकळली ती मी नुसती बघितली, हात उम्म राशिदचेच. तिनं नाळ कापली, उकळलेल्या दोऱ्यानं बांधली, स्वच्छ फडकं लावलं, आणि सवयीनं राखेच्या वाटीकडे गेलेला हात मधेच थांबवला.

मग दिवस मोजणं सुरू झालं. मिस अंगणात बसून नवी चित्रं काढू लागली. मूल काय होणार हे ठाऊक नसताना तिनं तो हात बदलायला घेतला होता. सुरुवातीला म्हातारी लांबून जायची. तिसऱ्या दिवशी थांबली. "मी असं भांडं धरत नाही," म्हणाली आणि धरून दाखवलं. मिसनं कागद फाडला आणि नवा घेतला.

सहाव्या दिवशी सकाळी मौझा ओरडली, "ही दूध घेत नाहीये!"

उम्म राशिदनं मुलीकडे पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. एवढी वर्षं बाळंतपणं केलेली बाई, पण पोराला हात लावायचं धाडस तिला होईना. मी मूल मांडीवर घेतलं. ओठ मिटलेले. करंगळी धुतली आणि ओठांवर टेकवली. इतक्यात वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. मी डोळे मिटून घेतले, कारण धनुर्वात असता तर त्या आवाजानं मूल ताठ झालं असतं. मूल दचकलं आणि रडलं. तोंड उघडलं. माझी करंगळी आत गेली आणि हिरड्यांनी ती हलकेच चावली.

"नाक," मी म्हटलं. "नाक चोंदलंय हिचं. बाकी काही नाही."

कोमट पाण्याचे दोन थेंब, कापसाची वात, आणि मिनिटभरात ती मौझाला लागली. ओढल्याचा आवाज येऊ लागला. मी वर पाहिलं. मिस दारात उभी होती, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून.

दहाव्या दिवशी उम्म राशिदनं आम्हाला कॉफी दिली. मिससमोर हात पसरून म्हणाली, "आता नीट काढ."

दुबईला परतलो तर कचेरीतला साहेब वाट बघत होता. फिल्म मंजूर झालेली आहे, पुढच्या आठवड्यात दुसरीकडे पाठवायची आहे, एका सुईणीच्या रुसव्यासाठी काही बदलणार नाही, असं त्यानं सांगितलं. मिसनं डबा उघडला, फिल्म उजेडाकडे धरून हात येतो ती जागा शोधली, त्याच्या टेबलावरची कात्री उचलली आणि तेवढा तुकडा कापून काढला.

"आता मंजूर नाही," ती म्हणाली.

साहेब लालबुंद झाला. मी दाराशी उभी राहून कलमा पुटपुटत होते.

कापलेला तुकडा दीड मिनिटाचा होता. दीड मिनिटासाठी हजारावर चित्रं. लंडनला जाऊन करायला वेळ नव्हता, म्हणून तिनं इस्पितळाची चादरी ठेवायची खोली मागून घेतली. टेबलाला स्क्रूनं कॅमेरा जखडला, तोंड खाली. ती चित्रं काढायची, मी ड्यूटी संपल्यावर पारदर्शक कागदावर ती गिरवून रंग भरायची, हातात सुती मोजे घालून. पंखा लावायची सोय नव्हती, कागद उडायचे. दमट हवेत रंग सुटायचा. घामाचा एक थेंब पडला की ते चित्र पुन्हा. एकदा मी दोन चित्रांचा क्रम चुकवला आणि तिनं मला एवढं बोलून घेतलं की मी मोजे काढून घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ते मोजे धुऊन, घडी करून ठेवलेले होते. माफी नाही, मोजे.

पाच आठवड्यांनी फिल्म विमानानं लंडनला धुवायला पाठवली. काही उमटलंय की सगळं काळं आलंय हे कळायला आणखी दोन आठवडे. फिल्म आली. उमटली होती, नीट होती. फक्त एका चित्रात माशी बसली होती, आणि तीही नेमकी उकळून काढलेल्या सुरीवर. मिसनं तेवढी चौकट कापून टाकली आणि मग कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हसली. पोट धरून.

खोर फक्कानच्या अंगणात पुन्हा चादर बांधली. चादरीवर आता ते हात पाणी तापवत होते, सुरी भांड्यात सोडत होते. उम्म राशिद पुढे बसून मोठ्यानं म्हणाली, "पाणी अजून उकळलं नाही. ही इंग्रज बाई फार घाई करते." बायका हसल्या. मिसनं मला विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं. "तिचं बरोबर आहे," मिस म्हणाली आणि वही काढून टिपून घेतलं.

त्या वर्षानंतर त्या किनाऱ्यावरून आमच्याकडे तसली बाळं येणं पुष्कळ कमी झालं. फिल्ममुळे की उम्म राशिदमुळे, मला सांगता येणार नाही. ती स्वतःच गावोगाव जाऊन सुरी उकळायला शिकवत होती असं ऐकलं.

मिस गेली ती बोटीनं. मोठ्या बोटी तेव्हा खाडीत येत नसत, बाहेर समुद्रात उभ्या राहत, आणि लाँचनं जाऊन बोटीच्या अंगाला सोडलेल्या शिडीवर चढावं लागे. लाँच ह्यांच्याच कंपनीची, म्हणून मीही गेले. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. लाँच शिडीपाशी एकदम वर जायची आणि पुरुषभर खाली आदळायची. लाँच वर असते त्या क्षणी शिडी पकडायची, नाहीतर दोन्हींच्या मध्ये पाय सापडणार. मिसच्या गळ्यात फिल्मच्या डब्यांची कॅनव्हासची पिशवी होती. खलाशी म्हणाला, पिशवी दे, दोरीनं वर पाठवतो. तिनं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. हे मला म्हणाले, "सांग तिला, एक हात तरी मोकळा ठेव." मी सांगितलं. तिनं एक हात सोडला.

लाँच वर गेली. "यल्ला, मॅडम!" खलाशी ओरडला. ती थांबली. लाँच खाली आदळली, आम्ही सगळे भिजलो. पुन्हा वर. "यल्ला!" पुन्हा थांबली. मला वाटलं, ही जाणारच नाही. तिसऱ्यांदा लाँच उचलली गेली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं उडी घेतली. एक पाय शिडीवर बसला, दुसरा घसरला, मी किंचाळले. पिशवी बोटीच्या लोखंडावर आपटली. ती एका हातावर लोंबकळत होती, आणि खाली लाँच पुन्हा वर येत होती. तिनं गुडघा पोटाशी ओढून घेतला. लाँच तिच्या पायाला चाटून गेली आणि बूट खाली पाण्यात पडला.

मग तिला पायरी सापडली. खलाशांनी "शाब्बास!" म्हणून ओरडून घेतलं. मी हात हलवत होते, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही. एका हातानं पिशवी सांभाळत ती चढत राहिली. लाँच दूर जाऊ लागली तेव्हा मला दिसत होते ते तिचे दोन पाय, एक बुटातला आणि एक उघडा, गोरा, ओला, दर पायरी आधी चाचपून मगच भार टाकत वर वर जाणारा.